डेटा सायन्सच्या संशोधनात एक वर्ष: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत नवी मंडळी रुजू होतात. कुणी इंजिनिअरिंग करून आलेलं, कुणी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, कुणी भूगोल किंवा अर्थशास्त्रातलं. पद प्रोजेक्ट असोसिएटचं, फेलोचं किंवा नुसतं इंटर्नचं. मुदत एक वर्षाची. आणि कामाच्या नावात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द हमखास. प्रत्यक्षात एका बाजूला गणित-संगणकवाले, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, हवामानवाले किंवा समाजशास्त्रवाले, आणि मधे तुम्ही. हा लेख त्या मधल्या माणसासाठी आहे.

सगळ्या लेखात एकच उदाहरण धरून चालते: पुणे शहरातला पाऊस आणि डेंग्यू. तुमचा विषय कांद्याचे भाव असेल किंवा शाळागळती असेल, तरी टप्पे बहुतेक हेच येतात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वर्षभरात मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज काढणारं गणित, बांधायला फार तर दोन महिने लागतात. उरलेला बराच वेळ समोरचा आकडा कुणी, कशासाठी, कुठल्या रजिस्टरात लिहिला हे समजून घेण्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

ऑगस्ट: कागद आधी

रुजू झाल्यावर सगळ्यांचेच हात कोड लिहायला शिवशिवतात. त्याआधी तीन कागद हलवा.

पहिला, संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडचा अर्ज. आरोग्याचा डेटा म्हटला की ही मंजुरी आलीच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून काढा. 'आमच्याकडे रुग्णांची नावं नाहीत, नुसते आकडे आहेत' असं म्हणून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत. नावं काढलेल्या डेटाला समिती सविस्तर तपासणीतून सूट देऊ शकते, पण ती समितीने द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. शिवाय नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असंही नाही. एखाद्या छोट्या वस्तीत एका आठवड्यात एकच रुग्ण असेल आणि तुमच्या तक्त्यात वय, लिंग, वस्ती हे तीन रकाने असतील, तर शेजारपाजारच्यांना तो माणूस लगेच कळतो. म्हणून पाचपेक्षा कमी रुग्णांचे आकडे प्रसिद्ध करताना झाकायचे किंवा मोठ्या गटात मिसळायचे, हे अर्जातच लिहून टाका. समितीची बैठक कुठे महिन्याला होते, कुठे तीन महिन्यांनी. एक बैठक हुकली तर एका वर्षाच्या कामात तेवढा वेळ भरून निघत नाही.

दुसरा, डेटा देणाऱ्या कार्यालयाला पत्र. मार्गदर्शकांच्या सहीने, संस्थेच्या लेटरहेडवर. त्यात नेमके कुठले रकाने हवेत, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आणि कुठल्या स्वरूपात, हे लिहा. 'उपलब्ध सर्व माहिती मिळावी' असं लिहिलेलं पत्र टेबलाटेबलावर फिरत राहतं, कारण ते नक्की कुणाचं काम आहे हेच कुणाला ठरवता येत नाही. पत्र नुसतं ईमेलने पाठवून थांबू नका. स्वतः जा, आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घ्या. तीन आठवड्यांनी फोन केलात की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आवक नंबर सांगा." तो हाताशी असेल तर पत्र दोन मिनिटांत सापडतं. नसेल तर सगळं पहिल्यापासून.

तिसरा कागद कुणी मागत नाही, पण तुम्ही करा: शोधनिबंधावर नावं कुठल्या क्रमाने येणार याची नोंद. गणित आणि अर्थशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात. जीवशास्त्रात सर्वात जास्त काम केलेला पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटी. संगणकवाल्यांना परिषदेतला निबंध मोलाचा वाटतो, डॉक्टरांच्या हिशेबात त्याला फारशी किंमत नसते. सगळे चांगले लोक असतात, प्रत्येकाला आपल्याकडची पद्धत हीच पद्धत वाटते, आणि मग जून महिन्यात मनं दुखावतात. पहिल्याच बैठकीत विषय काढा. नव्या माणसाने हे कसं विचारावं असं वाटत असेल तर बैठकीचं टिपण लिहायचं काम अंगावर घ्या आणि त्यात 'लेखकांचा क्रम' असा मुद्दा घाला. चर्चा आपोआप होते.

पैशांचंही इथेच. प्रकल्पाचा निधी हप्त्यांनी येतो आणि आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. मधल्या काळात मानधन लांबतं. बाहेरगावाहून येऊन खोली घेणाऱ्यांनी निदान तीन महिन्यांच्या भाड्याची आणि मेसची सोय ठेवूनच यावं.

सप्टेंबर: प्रश्न छाटा

'हवामान बदलाचा आरोग्यावर होणारा परिणाम' हा एका वर्षाचा प्रश्न नाही. एका वर्षाचा प्रश्न असा असतो: पुणे शहरातल्या पावसावरून आणि तापमानावरून, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांतली डेंग्यूची रुग्णसंख्या, मागच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा बरी सांगता येते का? त्यात जागा ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे, आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते उत्तरच आहे.

प्रश्न पक्का करण्याआधी आधीचं काम वाचा. पुण्यातच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या डेंग्यूवर निबंध प्रसिद्ध केला. तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम पण सारखा लागून राहिलेला, अशा स्थितीत डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि तो उलट कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे 'जास्त पाऊस, जास्त डेंग्यू' हे सरळ रेषेचं गृहीतक घेऊन निघालात तर पहिल्याच वळणावर गाडं अडणार. असे निबंध निष्कर्षासाठी वाचाच, पण जास्त लक्ष द्या ते त्यांनी डेटा कुठून घेतला, काय वगळलं आणि का, या परिच्छेदांकडे.

ऑक्टोबर ते जानेवारी: आकडा कुठून आला

डेंग्यूचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर लागोपाठचे महिने असतो. त्या दिवसांत आरोग्य खात्यातल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पत्र ऑगस्टमध्येच द्या, पण समोर बसून चार गोष्टी विचारायच्या असतील तर डिसेंबर धरा. तोवर पाऊस हातात घ्या, कारण त्याचा डेटा खुला आहे.

हवामान खात्याचा ०.२५ अंशांच्या जाळीवरचा दैनंदिन पाऊस १९०१ पासूनचा मिळतो आणि पायथॉनमध्ये 'आयएमडीलिब' ही लायब्ररी वापरून सहज उघडता येतो. उघडल्यावर तीन गोष्टी तपासा. एक, जिथे मोजणी नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते न काढता सरासरी घेतली तर पाऊस उणे निघतो. दुसरी, खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १५ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस बराचसा १४ तारखेच्या दुपारी-रात्री पडलेला असतो. आठवड्याची बेरीज घेताना हा फरक बुजतो, पण रोजच्या घटनांशी ताळमेळ घालायला गेलात तर चांगलाच जाणवतो. तिसरी, जाळीचा एक चौकोन साधारण २५ ते २७ किलोमीटरचा आहे. पुण्याच्या पश्चिमेला एवढं अंतर गेलं की पावसाचा रागरंगच बदलतो. मुळशीकडचा घाटमाथ्याचा पाऊस आणि लोहगावचा पाऊस एकाच सरासरीत आले तर तुमच्या शहराचा पाऊस म्हणून निघालेला आकडा कुठल्याच पेठेत पडलेला नसतो. नकाशावर चौकोन आखून बघा, आणि शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव या केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहा. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस शहरातच आहे. तिथे जाऊन रीतसर परवानगी घेऊन पर्जन्यमापक कसा वाचतात ते एकदा डोळ्यांनी पाहून या.

आता डेंग्यू. रुग्णसंख्येच्या रकान्यात '१२' लिहिलेलं असतं. बारा कोण? ताप येऊन पाच दिवसांच्या आत रक्त घेतलं तर एनएस-१ ची (विषाणूच्या प्रथिनाची) एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी करतात, त्यानंतर आयजीएमची (शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची). सरकारी यंत्रणेच्या ठरलेल्या रुग्णालयांना आयजीएमची किट पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून जातात. खासगी दवाखान्यात मात्र बरेचदा झटपट किट वापरतात, आणि त्यावर पॉझिटिव्ह आलेला माणूस सरकारी हिशेबात 'संशयित' धरतात, 'निश्चित' नाही. आता एखाद्या वर्षी खासगी प्रयोगशाळा जास्त नियमितपणे कळवू लागल्या, तर डास तेवढेच असूनही आकडा चढतो. मॉडेलला हे कळायचा काही मार्ग नाही. ते तुम्हाला रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाकडूनच कळतं. म्हणून डिसेंबरमध्ये त्यांच्याकडे जाताना लॅपटॉप बंद ठेवा आणि तीन प्रश्न न्या: हा रकाना कोण भरतं, तारीख कुठली लिहिता (ताप आला ती, रक्त घेतलं ती की अहवाल आला ती), आणि नोंदीचा फॉर्म कुठल्या वर्षी बदलला. वर्षभरात मिळणारी सर्वात मोलाची माहिती या तीन उत्तरांत असते.

नोंदलेला आकडा आणि खरी लागण यांत किती अंतर असू शकतं हे पुण्याने करोनात पाहिलं. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचं रक्त तपासलं तेव्हा ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली. नुसत्या नोंदलेल्या रुग्णांवरून एवढा प्रसार कुणाला दिसत नव्हता. त्या सर्वेक्षणात विद्यापीठ, आयसर आणि बाहेरच्या संस्थांची माणसं एकत्र होती, आणि ते शक्य झालं कारण कुणीतरी घरोघर जाऊन रक्त घेतलं.

पुढचा गुंता भागाकारातला. दर लाख लोकसंख्येमागे रुग्ण काढायचे तर लोकसंख्या हवी. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. शिवाय पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. हद्द वाढली की रुग्ण वाढतात, आणि छेद जुनाच ठेवला तर साथ आल्यासारखी दिसते. यावर सोपा उपाय नाही. एकतर जुन्या हद्दीतले प्रभागच घ्या, नाहीतर हद्द बदलली तिथे मालिका तोडा, आणि जे केलं ते निबंधात लिहा. राज्यभराचं काम असेल तर जिल्ह्यांच्या नावांवर जोडणी करू नका. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे जनगणनेत जिल्हे ३५ आणि आज ३६. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं आली. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला क्रमांक आहे, तो वापरा.

गावांचं तर विचारूच नका. वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव खुर्द. इंग्रजी यादीत कुठे व्ही, कुठे डब्ल्यू, बुद्रुकचं कुठे नुसतं बीके. जुन्या मराठी फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये आणल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. एक्सेलचा एक खास त्रास सांगून ठेवते. वयोगटाच्या रकान्यात '५-९' टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं, ५ सप्टेंबर. '१५-१९' मात्र तसंच राहतं, कारण एकोणिसावा महिना नाही. परिणामी नेमकी लहान मुलंच तक्त्यातून गायब होतात, आणि डेंग्यूत लहान मुलांचा आकडा महत्त्वाचा. (एक्सेलच्या याच खोडीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीला काही जनुकांची नावं बदलावी लागली.) फाइल आली की मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये 'फक्त वाचनासाठी' करून ठेवा आणि रकान्याचा प्रकार 'मजकूर' असा सांगूनच कोडमध्ये वाचा.

हे सगळं कारकुनी वाटत असेल तर गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींकडे बघा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत (ठसे उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांचा अभ्यास केला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन घटतं आणि एकाच प्रकारच्या नाण्यांच्या वजनांतली तफावत वाढत जाते. त्यावरून नाण्यांचा कालक्रम लागतो का, हा त्यांचा प्रश्न. हजारो नाणी त्यांनी स्वतः तराजूवर तोलली. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, त्यांनी लिहिलेला गणिती निबंध आज मोठ्या डेटातून मुख्य घटक वेगळे काढण्याच्या पद्धतीच्या आरंभीच्या कामांत गणतात. एकाच माणसाने दोन्ही केलं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं की तोलण्याचं काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं नाही.

फेब्रुवारी-मार्च: मॉडेल

आता कोड लिहा. सुरुवात सर्वात साध्या अंदाजाने करा: या आठवड्यात मागच्या पाच वर्षांत सरासरी किती रुग्ण होते? हा अंदाज फुकट आहे. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ते कितीही गुंतागुंतीचं असो, त्याचा उपयोग नाही. डीप लर्निंगच्या मोहात पडलेल्या कितीतरी जणांना हा साधा अंदाज भारी पडतो, कारण दहा वर्षांचे आठवडे मोजले तरी ते जेमतेम सव्वापाचशे भरतात.

आठवड्याचे आकडे मोजणीचे असल्याने पॉयसाँ वितरण डोळ्यांसमोर येतं. त्यात विचरण (आकड्यांचा पसारा) सरासरीइतकंच धरतात, पण साथीच्या आकड्यांत ते सरासरीपेक्षा खूपच जास्त असतं. ऋण द्विपद वितरण घ्या, त्यात हा जास्तीचा पसारा बसतो.

पावसाचा परिणाम किती आठवड्यांनी दिसावा, हे संगणकाला शोधायला सांगण्याआधी कीटकशास्त्राच्या माणसाबरोबर कागदावर मांडा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. डासाने बाधित माणसाला चावल्यावर विषाणू डासात वाढून पुढे जाण्याजोगा व्हायला आठ ते बारा दिवस. पुढच्या माणसाला चावल्यापासून ताप यायला चार ते दहा. बेरीज वीस ते बत्तीस दिवस, आणि तपासणी नि नोंदीचे दिवस वेगळे. साथ वाढायला अशा एकापेक्षा जास्त फेऱ्या व्हाव्या लागतात. तेव्हा तुमचं मॉडेल 'गेल्या आठवड्याच्या पावसाने या आठवड्यात रुग्ण वाढले' असं म्हणत असेल, तर अचूकता कितीही येवो, कुठेतरी चुकतंय. बहुधा पावसाळा आणि डेंग्यूचा हंगाम एकमेकांवर आल्याने तसं भासत असतं. दोन विषयांची माणसं एका टेबलावर बसल्याचा खरा फायदा इथे मिळतो.

तपासणीसाठी डेटाचे तुकडे यादृच्छिक पाडू नका. तसं केलं तर ऑक्टोबरचा पहिला आणि तिसरा आठवडा शिकवण्यात आणि दुसरा परीक्षेत येतो, आणि मॉडेल उत्तर बघून लिहितं. जुनी वर्षं शिकवायला, नवी वर्षं परीक्षेला. करोनाची दोन वर्षं वेगळी काढून, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही निकाल दाखवा. तेव्हा ताप आलेला माणूस डेंग्यूच्या तपासणीला सहसा जात नव्हता.

मार्चमध्ये सरकारी कार्यालयांकडे नवं काही मागू नका. आर्थिक वर्षाची अखेर असते, कुणी उभं करणार नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे.

दर आठवड्याला दुसऱ्या शाखेच्या मार्गदर्शकांना एकच आलेख दाखवा, शक्यतो त्यांच्या खोलीत जाऊन, कागदावर छापून. "मॅडम, यात तुम्हाला कुठे खटकतंय?" असं विचारा. 'पटतंय का' विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात.

एप्रिल ते जुलै: लिहा आणि सोपवा

दोन गोष्टी लिहायच्या असतात आणि लहान गोष्ट आधी लिहा. आरोग्य खात्यासाठी मराठीत दोन पानं: काय दिसलं, किती खात्रीने, आणि कुठल्या आठवड्यांत लक्ष ठेवावं. गणित नको, सूत्र नको, एक आलेख पुरे. हे टिपण मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या हातात पडायला हवं, कारण पावसाळ्यापूर्वीची डास-अळी पाहणी आणि औषधांची आखणी तेव्हाच होते. जुलैत दिलेलं उत्तम टिपण त्या वर्षापुरतं वाया जातं. ज्या ताईंनी किंवा दादांनी तुम्हाला रजिस्टर उलगडून दाखवलं, त्यांना प्रत स्वतः नेऊन द्या आणि निबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्या कार्यालयाचा उल्लेख करा; व्यक्तीचं नाव त्यांना विचारूनच.

मग निबंध. पद्धतीचा भाग मॉडेल चालवतानाच लिहून झालेला असेल तर हे काम सहा आठवड्यांत होतं. कोड आणि प्रसिद्ध करण्याजोगा एकत्रित डेटा झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहावर ठेवा, त्याला कायमचा क्रमांक मिळतो. वैयक्तिक नोंदी तिथे कधीच नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात संस्थेतल्या कुणा दुसऱ्याला, शक्यतो या प्रकल्पात नसलेल्याला, त्याच्या मशीनवर तुमचं कोड पहिल्या ओळीपासून चालवायला सांगा आणि शेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे जिथे थांबेल ते सगळं रीडमीमध्ये (कोडसोबत ठेवायच्या माहितीच्या फाइलमध्ये) जायला हवं. कुठला रकाना कुणी समजावला, हद्द कुठल्या तारखेला तोडली, वडगावांची जोडयादी कुठल्या फाइलमध्ये आहे, नीतिमत्ता मंजुरीचा क्रमांक काय आणि तिची मुदत कधी संपते. कच्चा डेटा तुमच्या लॅपटॉपवरून आणि पेनड्राइव्हवरून पुसा आणि पुसल्याचं मार्गदर्शकांना लेखी कळवा. संस्थेचा ईमेल मुदत संपली की बंद होतो, तेव्हा निबंधावर आणि रीडमीत तुमचा कायमचा ईमेल असू द्या. परीक्षकांचे प्रश्न साधारण तुम्ही सोडून गेल्यावर चार-सहा महिन्यांनी येतात.